तिच्यामागचा ऊस

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. दुधात पाणी आहे का, हे मी अजूनही बोट बुडवून बघतो. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. फौजेत पहाऱ्यावर उभं राहायचो, तेव्हा समोर काही हललं की ‘हुकमदार!’ म्हणून ओरडायचं आणि उत्तर आलं तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं. ती सवय पेन्शनीबरोबर घरी आली.

आता घरात टीव्ही आहे. सुना-नातवंडं संध्याकाळी मालिका लावून बसतात. मालिकेत सासू काहीतरी बोलते, लगेच ढोल वाजतो आणि घरातल्या प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवतात. नात डोळे पुसते. मी म्हणतो, "ती बोलली तेव्हा मागच्या खिडकीत ऊन होतं, ही रडली तेव्हा दिवा लागलाय. ही तिच्या बोलण्यावर रडलेलीच नाही." मग सगळे मला गप्प बसायला सांगतात. त्यांचंही बरोबर आहे. पण माझी नजर चेहऱ्यावर थांबत नाही, मागे जाते. ती खोड मला कुठून लागली, ते एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस जाऊन आता सहा वर्षं झाली.

पासष्टची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. लग्नाला पाच वर्षं झालेली, पण सगळ्या रजा एकापुढे एक मांडल्या तरी आमचा संसार वर्षभराचा भरला नसता. त्या खेपेला मी फाल्गुनात पलटणीत परत गेलो, आणि पुढची रजा मिळाली ती थेट चौदा महिन्यांनी, वैशाखात. गाडीने लोणंद मागे टाकलं की मी फौजी राहत नसे. खिडकीला नाक लावून कुणाचा ऊस किती झाला, कुणाचा पिवळा पडला, ते बघत बसायचो. डब्यातल्या माणसांना सांगायचोसुद्धा, हा आडसाली, हा खोडवा, ह्याला पाणी कमी पडलंय. ऊस बघून महिना सांगायचा, यात आमच्याकडे कुणाला काही विशेष वाटत नाही.

स्टेशनवर चुलतभाऊ बैलगाडी घेऊन आला होता. ट्रंक गाडीत टाकायच्या आधीच तो म्हणाला, "वयनी शिनेमात आली की रं! तुला म्हाईतच न्हाई?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्याने सांगितलं ते असं: नदीवरून पाणी उचलायची योजना आमच्या गावात झाली, तिच्यावर सरकारी रीळ काढायला मुंबईची माणसं दोनदा येऊन गेली होती. शेतात काम करणाऱ्या बायका त्यांनी टिपल्या, त्यात माझी बायको. आता बाजारच्या गावी तंबूचा सिनेमा आला होता, आणि मोठ्या सिनेमाच्या आधी ते रीळ दाखवत होते.

"लय झ्याक आलीया. तू बघच एकदा," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. घर येईपर्यंत मी ते चघळत बसलो.

घरी आल्यावर बायकोने पायावर पाणी घातलं. मी विचारलं, "शिनेमात आलीस म्हनं?" ती "हां," म्हणाली आणि आत गेली. दुसरी एखादी असती तर दोन दिवस तेवढंच बोलत राहिली असती. हिने एका अक्षरात गिळलं. आईही त्या विषयावर काही बोलेना. मी ते मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरचे सगळे गाडी जुंपून बाजारच्या गावी गेलो. दिवस मावळताच पहिला खेळ. तंबूत मधोमध दोरी, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. बायको त्या बाजूला, मी या बाजूला. भुईवर पोतं टाकून बसलो. आजूबाजूला सगळी ओळखीची डोकी. सगळी ऊसवाली.

रीळ सुरू झालं. पंप, पाइप, पाटाचं पाणी, कुणीतरी शुद्ध भाषेत बोलणारा. मग शेतात खुरपी घेऊन भांगलणाऱ्या बायका. मग पडदाभर एकच चेहरा. माझ्या बायकोचा. पाच वर्षांत एवढ्या जवळून आणि एवढा वेळ मी तो चेहरा दिवसाउजेडी पाहिलेला नव्हता. तिने मान वर करून उजवीकडे लांब कुठेतरी बघितलं, मनगटाने कपाळ पुसलं. आणि ती हसली. आधी डोळ्यांत, मग ओठांत, मग एकदम लाजून खाली बघितलं.

तेवढ्यात पडद्यावर आमचा ग्रामसेवक आला, आदल्याच दिवशी मला घरी येऊन भेटलेला. बांधावरून सायकल हातात धरून, पांढऱ्या शर्टात, हसत हसत.

तंबूत शिट्टी वाजली. मागून कुणीतरी "आगं बाबौ!" म्हणालं, आणि पोत्यावर बसलेली सगळी बाप्ये मंडळी हसली. पुढे मोठा सिनेमा सुरू झाला, तो कसला होता ते मला आजही सांगता यायचं नाही. माझ्या कानांत फक्त ती शिट्टी होती.

हा ग्रामसेवक म्हणजे पंचविशीतला, एकटा, मी नसताना गावात आलेला, आमच्याच आळीत खोली घेऊन राहिलेला. आईला आणि बायकोला लिहिता येत नव्हतं. मला यायची ती पत्रं हाच लिहून द्यायचा. आई सांगायची, तो लिहायचा, बायको दाराआड बसायची. म्हणजे पलटणीत मी उशाखाली ठेवायचो ती पत्रं त्याच्या अक्षरातली. हे आठवल्यावर माझं डोकं सणकलं. त्याच्या हातून आलेलं ‘सौ.चा नमस्कार’ मी किती वेळा वाचलं होतं! मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा राग दुप्पट होतो.

मग मी घरातच पहारा सुरू केला. ग्रामसेवक चहाला आला. बायकोने खाली मान घालून कप ठेवला, तेव्हा मला वाटलं, बघत का नाही? दुसऱ्या खेपेला तिने सरळ बघून "साखर बरी हाय न्हवं?" विचारलं, तेव्हा वाटलं, बघतेच कशी? संशयी माणसाला कुठलीही बाजू चालते. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवरून हसत आली, आणि मी विहिरीवर कोण आहे ते बघून आलो. तिथे माझी मावशी होती.

पाचव्या दिवशी गोठ्यात मी तिला गाठलं.

"कुणाकडं बघत हुतीस?"

तिला कळलं. तिने न कळल्याचं सोंग केलं नाही. "कुणाकडं न्हाई. मशिनीकडं बघायचं न्हाई म्हनालं, म्हनून तिकडं बघितलं."

"तिकडं काय हुतं?"

"बांध."

"बांधाकडं बघून कुनी आसं हसतं व्हय?"

तिने हातातली पेंढी खाली ठेवली. मग मान वर करून म्हणाली, "आवं, पर ते तवा—"

"पुरं!" मी ओरडलो. तिचं वाक्य मी तिथेच तोडलं. पुढचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला तेव्हा खुलासा नको होता. मला कबुली हवी होती.

"म्हायारी जाऊन ये," मी म्हणालो.

तिचं माहेर औंधचं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला. रजेवर आलेला नवरा घरात असताना बायकोला माहेरी धाडतात, याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालासुद्धा कळतो. परत आणायला कुणी गेलं नाही तर ती तिकडचीच होते. तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधली. आई दारात उभी राहून म्हणाली, "काय केलंस रं तिला?" मी म्हणालो, "तिनं काय केलं ते इच्यार." चुलतभाऊ तिला एसटीत बसवून आला. जाताना तिने मागे बघितलं नाही.

तरी माझं समाधान होईना. ती औंधला गेली, पण ते हसू तिकडे तंबूत रोज दिवस मावळला की चालूच होतं. शेवटी एका दुपारी पिशवीत कँटीनची रमची बाटली घातली आणि सायकल हाणली.

तंबू दुपारी अगदीच दीनवाणा दिसत होता. मशीन एका जुन्या लॉरीत बसवलेलं, आणि लॉरीच्या सावलीत पाटावर बसून ते चालवणारा माणूस रीळ उलटं गुंडाळत होता. पन्नाशीचा, मिरजेकडचा, तोंडात पान, बोलण्यात कानडी हेल. मी बाटली पुढे ठेवली आणि सरकारी रिळातला एक तुकडा कापून पाहिजे म्हणालो.

"कंचा ओ?"

"बाई हसती तो."

त्याने माझे बूट बघितले, केस बघितले. "तुमची मंडळी काय ओ?"

मी बाटली आणखी पुढे सरकवली. त्याने पान थुंकलं, सरकारी डबा उघडला आणि फीत बोटांवरून सरकवत नेली. माझ्या मनात होतं, कापायला तो नाही म्हणेल. पण त्या माणसाला कापण्याचं काहीच वाटत नव्हतं. फीत तुटते, जळते, मग तेवढी कापायची आणि जोडायची, हे त्याचं रोजचं काम.

"पब्लिकला काय कळत नाही बघा," तो म्हणाला. "एका चित्रात दीर दुधात विष घालतो. तेवढीच फीत आमच्या मशिनीनं खाल्ली. मी जोडून टाकलो. आता दूध तापतंय, मग सासू पेला घेऊन येती, मग सून मरती. अर्धा जिल्हा त्या सासूला शिव्या घालत घरी गेला. ती बिचारी चित्रात देवभोळी बाई हाय ओ!"

तो हसला. मी हसलो नाही. त्याने कात्री लावली. चार हात लांब फीत निघाली, आणि त्याने ती माझ्या हातात दिली. "एक हात म्हणजे एक सेकंद. चोवीस चित्रं. चार सेकंद हसल्या बघा तुमच्या बाई."

चार सेकंद. त्या चार सेकंदांपायी मी तिला एसटीत बसवून दिली होती.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने शेजारच्या पत्र्याच्या पेटीतून वेगवेगळे तुकडे काढले आणि माझ्या फितीच्या शेवटाला एकेक लावून उजेडात धरायला सांगितलं. पहिल्यात एक रांगणारं पोर होतं. "आता?" त्याने विचारलं. माझी बायको आई दिसत होती. दुसऱ्यात तिरडी. मी चरकलो. तेच हसू, आणि बाई कैदाशीण वाटत होती. तिसऱ्यात एक आगगाडी होती, वाफ सोडत स्टेशनात येणारी. तो तुकडा मी जरा जास्त वेळ धरला.

"चेहरा तोच हाय ओ," तो म्हणाला. "पुढं काय लावतो त्यावर हाय सगळं. कात्रीवाला मुंबईत बसतो, त्याला तुमची बाई म्हाईत न्हाई, तुमचा सायकलवाला म्हाईत न्हाई. त्याला नुसतं दिसतं, ही तिकडं बघती, तो तिकडनं येतो. लावला."

मला ते पटलं नाही. मला बोलण्यात गुंडाळतोय, असंच वाटलं. मी म्हणालो, "कशावरनं? दोघं एकाच रानात हायती. त्यो बांध आमचाच हाय. त्यो कोपऱ्यातला बाभळीचा बुंधा आमचाच हाय."

"मग बघा की नीट. डोळं हायत न्हवं?" त्याने ग्रामसेवकाचा तुकडाही थोडा कापला आणि एक भिंग माझ्या हातात दिलं.

मी दोन्ही तुकडे शेजारी धरले. एकात ती. तिच्यामागे आमचं रान, बाभूळ आणि गुडघ्याएवढा ऊस. दुसऱ्यात तो. त्याच्यामागे तेच रान, तीच बाभूळ, आणि दोन पुरुष उंच ऊस, तुरे आलेला.

मी पुन्हा बघितलं. तुरेच होते.

गुडघ्याएवढ्या उसाला भांगलण चालू असते ती चैत्रात. तुरा येतो कार्तिकाच्या पुढे. ती हसली आणि तो आला, यांच्यामध्ये निदान सात महिने होते. सात महिने! आणि ते पडद्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत उलटले होते. तंबूत दीडदोनशे माणसं होती, त्यातला प्रत्येक जण उसाच्या पानावरून पाण्याची पाळी सांगणारा, आणि एकालाही तो ऊस दिसला नव्हता. मलाही नाही. आगगाडीच्या खिडकीतून परक्याच्या उसाला नावं ठेवणारा मी, स्वतःच्या रानातला ऊस मला दिसला नाही, कारण मी बायकोचं तोंड बघत होतो.

घरी येऊन मी ट्रंकेतली पत्रं काढली. श्रावणापासूनची सगळी ग्रामसेवकाच्या अक्षरात. त्याच्या आधीची शाळेच्या गुरुजींच्या. चैत्रातल्या एका पत्रात गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती: ‘गावात सिनेमावाले येऊन गेले. बाकी सर्व ठीक.’ मी आईला विचारलं, ग्रामसेवक गावात कधी आला? ती म्हणाली, "गुरुजींची बदली झाली आन् त्यो आला. नागपंचमीला. का रं?"

चैत्रात तो गावातच नव्हता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. शिट्टी मारणाऱ्यालाही माहीत होतं. बायकोचं तोडलेलं वाक्य मला तेव्हा पुरं ऐकू आलं: आवं, पर ते तवा गावात न्हवतंच. मी ओट्यावर बसून राहिलो.

पण माझी खरी करामत मला दोन दिवसांनी कळली. चुलतभाऊ पुन्हा सिनेमा बघून आला, आणि घरात पाय ठेवताच म्हणाला, "वयनी दिसंना की रं. कापलं म्हनत्यात फौजीनं. समदा तंबू बोलतुया, कापलं म्हंजे कायतरी असनारच."

इतके दिवस लोक नुसते हसत होते. आता त्यांना खात्री पटली होती. जे दिसत होतं त्यापेक्षा जे काढून टाकलं तेच त्यांना जास्त खरं वाटत होतं. तो तुकडा होता तेव्हा ती एक लाजलेली बाई होती. तो गेल्यावर लोकांनी आपापल्या मनाने तिथे काय काय लावलं असेल, याचा विचार करून मला घाम फुटला. आणि हे मी केलं होतं, एक रमची बाटली देऊन.

मी कराडला एसटी बदलून औंधला गेलो. सासऱ्यांनी पाणी दिलं, पण बस म्हणाले नाहीत. बायको परसात शेंगा फोडत बसली होती. माझ्यामुळे ती आठ दिवसांत वाळली होती. मी समोर उकिडवा बसलो आणि तिला सगळं सांगितलं: गुडघ्याएवढा ऊस, तुरे, बाभूळ, गुरुजींचं अक्षर. मला वाटलं, ती रडेल, मग मी समजूत घालीन, मग आम्ही संध्याकाळची गाडी धरू.

ती शेंगा फोडत राहिली. "कापलं म्हनं तुमी."

"तुला कुनी सांगितलं?"

"म्हायारची मान्सं बी शिनेमाला जात्यात." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कापलं कशाला? म्या काय चोरी केली व्हती? आदी ते हुतं तसं जोडा. समद्यांम्होरं दिसूंद्या. मग येती."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी दुसरी बाटली आणि कापलेले तुकडे घेऊन मशीनवाल्याकडे गेलो. तो मला बघून म्हणाला, "यप्पा, आता काय?" मी सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, पण पाट ओढून बसला. फितीच्या कडा पात्याने खरवडल्या, कसलंसं औषध लावलं, त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येत होता, आणि दोन बोटांनी दाबून धरलं. जोडताना टोकाच्या चौकटी थोड्या खाव्या लागतात, म्हणाला. सुरुवातीच्या तीन चौकटी त्याने उरवून माझ्या तळहातावर ठेवल्या. "घ्या. एवढ्यानं काय फरक पडत नाही."

तिला आणलं त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तंबूत गेलो. ती दोरीच्या त्या बाजूला, आईशेजारी. मी या बाजूला. आम्हाला बघून कुजबुज झाली. पंप आला, पाट आला, शुद्ध भाषा आली. मग ती आली. जोडावर चित्र किंचित उडालं, तिने कपाळ पुसलं, आणि ती हसली. ग्रामसेवक बांधावर आला. शिट्टी वाजली.

मी उभा राहिलो. माझी सावली पडद्यावर पडली.

"उसाकडं बघा रं!" मी पहाऱ्यावरच्या आवाजात ओरडलो. "त्वांड काय बघताय? मागचा ऊस बघा! तिच्यामागं गुडघ्याएवढा हाय, त्येच्यामागं तुरं आल्यात! आरं, ऊसवालं न्हवं तुमी?"

तंबू गप्प झाला. मशीनवाल्याने काय केलं असेल तर त्याने मशीन थांबवलं, रीळ मागे घेतलं आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. दोन बाटल्यांना तो जागला. या खेपेला कुणी तिच्याकडे बघितलं नाही. दोनशे माणसं तिच्या खांद्यामागे बघत होती.

"आरं व्हय की," अंधारात एक म्हातारा आवाज आला. "चैताचा ऊस हाय ह्यो."

"आन् त्यो मार्गशीर्षाचा!"

"तवा कुठं हुता गड्या ह्यो ग्रामशेवक? नागपंचमीला आला की ह्यो!"

मग तंबू जो हसला, तो थांबेचना. ग्रामसेवक पुढेच बसला होता, तोही डोळे पुसत हसत होता. बिचाऱ्याला आपल्यावर काय बालंट आलं होतं तेच तेव्हा कळलं. मी खाली बसलो तेव्हा शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली. लढाईतून परत आलो तेव्हाही गावात मला इतका मान मिळाला नव्हता. गाडीत परत येताना मी फुगून बसलो होतो. ती पाठ करून रस्त्याकडे बघत होती, मला वाटलं, लाजली असेल.

सकाळी ती भांगलायला गेली. मीही मागोमाग गेलो. त्याच रानात आता तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा होता, गुडघ्याएवढा. बाभळीजवळ उभं राहून मी अंदाज घेतला. मशीन इथे असणार. म्हणजे ती उजवीकडे बघत होती ती त्या बांधाकडे, एसटीच्या रस्त्याच्या बाजूला.

आता मला राग नव्हता, नुसती उत्सुकता होती. निदान मी तसं समजत होतो. "आता तरी सांग," मी म्हणालो. "कुनाकडं बघत हुतीस?"

तिने खुरपं थांबवलं नाही. "तुमच्याकडं."

"मी कुठं हुतो? मी तर फाल्गुनातच गेल्तो."

"त्येच की. ती मान्सं हस म्हनायची. मला येईना. मग त्यातला एक म्हातारा म्हनला, बाई, समज, तुजं मालक रजेवर आल्यात, यष्टीतनं उतरून बांधावरनं येत्यात. मग आलं." तिने गवताची मूठ बांधावर टाकली. "गुरुजींना सांगितलं बी म्या, हे लिवा म्हनून. पत्र सांगनाऱ्या आत्याबाई म्हनल्या, आसलं काय लिवायचं, लोकं वाचत्यात. त्येंनी कापलं."

मी तिच्या शेजारच्या सरीत बसलो आणि हाताने गवत उपटायला लागलो.

अर्धी सरी झाल्यावर ती म्हणाली, "उसावरनं कळलं तुमास्नी. माझ्यावरनं न्हाई कळलं."

तिच्या आवाजात कुठेच टोमणा नव्हता. ती फक्त सांगत होती. मी वर बघितलं. ती तिच्या सरीत पुढे सरकली होती, आणि मला तिची पाठच दिसत होती.

त्यानंतर आम्ही चाळीसच्या वर वर्षं संसार केला. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, ती माझ्याशी भांडली, माझ्यासाठी जागली, मला कधी उपाशी ठेवलं नाही. पण मी रजेवर आलो की बांधावरून येताना दुरून तिचं तोंड बघायचो. ती पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी असायची. चांगली असायची. पण पडद्यावर हसली होती तशी ती मला कधी दिसली नाही. तंबू पुढच्या पावसाळ्यात गेला, रीळ कुठे गेलं ते मशीनवाल्यालाही सांगता आलं नाही. मी सांगली-मिरजेत दोनदा विचारत फिरलो.

तीन चौकटी माझ्याकडे आहेत, खोबरेलच्या चपट्या डबीत. रोज सकाळी दारात बसून मी त्या उन्हात धरतो. तिने मान वर केली आहे, मनगट कपाळाकडे चाललं आहे, मागे गुडघ्याएवढा ऊस आहे. ती बांधाकडे बघते आहे, आणि अजून हसलेली नाही.